निवडुंग नक्की कोणता?

आषाढी वारीत तुकोबांची पालखी पुण्यात मुक्कामाला उतरते ती नाना पेठेतल्या निवडुंग्या विठोबाच्या देवळात. पुण्याने आपल्या देवांना ठेवलेली नावे मोठी मिश्कील आहेत. जिलब्या मारुती, खुन्या मुरलीधर, पासोड्या विठोबा, डुल्या मारुती अशी ही मांदियाळी. त्या मानाने निवडुंग्या विठोबाचे नाव सरळ म्हणायचे. मूर्ती निवडुंगाच्या जाळीत सापडली म्हणून देव निवडुंग्या, अशी आख्यायिका सांगतात. नाना पेठ, म्हणजे जुनी हनुमान पेठ, वसण्याआधी शहराच्या या पूर्वेकडच्या अंगाला माळ आणि काटवण असणार, एवढे इतिहासाचे सूत्र त्या नावातून हाती लागते.

पण त्या जाळीत कोणता निवडुंग होता? आजच्या शाळकरी मुलाला निवडुंग काढायला सांगितला, तर तो हिरवे, चपटे, लंबगोल फड एकावर एक चढवील आणि त्यांवर काटे टोचील. त्याच्या आजोबांच्या गावी मात्र कदाचित उभ्या, धारदार फांद्यांच्या आणि मोडताच दूध ओघळणाऱ्या झुडपाला निवडुंग म्हणत असतील. ही दोन झाडे एकमेकांच्या नात्यातली नाहीत. त्यांची कुळे वेगळी आणि मायदेशही वेगळे. एकच नाव दोघांच्या वाट्याला आले त्यामागे जवळपास चारशे वर्षांचा इतिहास आहे. त्यात दर्यावर्दी येतात, कंपनी सरकारचे डॉक्टर येतात आणि लाल रंगाचा एक किडाही येतो.

आधी या मातीतला निवडुंग पाहू. सह्याद्रीच्या कातळकड्यांवर, गडांच्या उतारांवर आणि देशावरच्या खडकाळ माळांवर हा पुरुष-दीडपुरुष वाढतो. याला बऱ्याच ठिकाणी थोर म्हणतात. फांद्या मांसल आणि हिरव्या, त्यांवर उभ्या धारा किंवा गाठींच्या ओळी आणि त्या गाठींवर काट्यांच्या जोड्या. पावसाळ्यात शेंड्याला जाड पानांचा झुबका येतो आणि उन्हाळ्यापूर्वी झडून जातो. याचाच भाऊबंद तीनधारी निवडुंग. त्याच्या फांदीला तीन कडा असतात, म्हणून ते नाव. शेताच्या बांधावर लावतात तो शेर मात्र बिनकाट्याचा असतो आणि त्याच्या फांद्या पेन्सिलीएवढ्या जाडीच्या असतात. तो मूळचा आफ्रिकेचा, पण फार पूर्वी इथे येऊन रुळला. ही तिन्ही झाडे एरंडाच्या कुळातली. तिघांचीही ओळख एकच: ओरखडा निघाला की पांढरा चीक वाहू लागतो. तो कातडीवर पडला तर फोड येतात आणि डोळ्यात गेला तर माणसाला काही काळ दिसेनासे होऊ शकते.

हा चीक आपल्याकडच्या वैद्यांना फार जुन्या काळापासून ठाऊक आहे. संस्कृतात या झुडपाला स्नुही, सुधा, महावृक्ष अशी नावे आहेत. चरकसंहितेच्या कल्पस्थानात सुधाकल्प नावाचा एक अध्यायच त्याला वाहिलेला आहे. स्नुहीचे दूध हे रेचकांमधले सर्वांत तीव्र, ते जपून आणि बलवान रोग्यालाच द्यावे, असे तिथे बजावले आहे. मूळव्याध आणि भगंदरावर आजही वापरतात ते क्षारसूत्र याच दुधावर बनते. दोऱ्यावर एकूण एकवीस लेप चढवायचे असतात. त्यांपैकी पहिले अकरा निव्वळ स्नुहीच्या चिकाचे, मग सात चीक आणि आघाड्याच्या क्षाराचे आणि शेवटचे तीन चीक आणि हळदीचे. विसाव्या शतकात बनारस हिंदू विद्यापीठातल्या वैद्यांनी ही पद्धत पुन्हा वापरात आणली.

फडांचा निवडुंग या जुन्या ग्रंथांत कुठेच नाही, कारण तो तेव्हा या देशातच नव्हता. वनस्पतिशास्त्रात ज्याला कॅक्टसचे कूळ म्हणतात, ते जवळजवळ सगळे अमेरिका खंडातले. झाडांच्या फांद्यांवर वाढणारी एक लोंबती जात तेवढी आफ्रिका आणि श्रीलंकेत आपणहून आढळते. कोलंबसाच्या आधी भारतात कोणी हा फड पाहिला असण्याची शक्यताच नाही. ‘नागफणी’ हे नाव कानाला पुराणातले वाटते खरे, पण ज्या झाडाला ते चिकटले आहे ते मेक्सिकोच्या बाजूचे पाहुणे आहे.

पोर्तुगीजांच्या जहाजांतून अमेरिकेची झाडे पश्चिम किनाऱ्यावर उतरू लागली आणि प्रत्येकाला नाव देण्याची वेळ आली. काजू, अननस, पपई आपली नावे बरोबर घेऊनच आले आणि आपण ती थोडी घासूनपुसून घेतली. सीताफळाला आपण देवाधर्मातले नाव दिले. मिरचीला जुन्या मिरीच्या ओळीत बसवले, कारण तिखटपणाचे काम दोघींचे सारखेच. फडांच्या निवडुंगाचे मिरचीसारखेच झाले. कुणब्याच्या नजरेत झाडाची ओळख त्याच्या फुलातल्या पुंकेसरांवरून होत नसते. ते काटेरी आहे का, गुरे त्याला तोंड लावतात का, फांदी खोचली की पाण्यावाचून जगते का आणि दोन-तीन वर्षांत त्याची वई तयार होते का, हे तो पाहतो. जुना निवडुंग या कसोट्यांवर उतरला होता आणि नवाही उतरला. म्हणून नव्याला त्याच नावाने हाक मारली आणि ओळख पटावी म्हणून पुढे ‘फड्या’ जोडले.

अशी वाट काढणारे मराठी लोक एकटे नव्हते. गुजरातीत जुन्या झुडपाला थोर म्हणतात आणि नव्याला हाथलो थोर किंवा फाफडा थोर. तमिळमध्ये जुना तो कळ्ळी आणि नवा तो चप्पाती कळ्ळी. कन्नडमध्ये नवा झाला पापास कळ्ळी. भाषा निरनिराळ्या, पण कारभार एकच: कुंपणाच्या देशी झुडपाचे नाव घ्यायचे आणि त्यापुढे फडाच्या आकाराचा किंवा परकेपणाचा शब्द लावायचा. हिंदीने थूहर आणि नागफनी असे दोन स्वतंत्र शब्द ठेवले, त्यामुळे हिंदी माणसाचा या बाबतीत गोंधळ कमी होतो.

दक्षिणेतल्या त्या ‘कळ्ळी’ला तर जगाच्या शास्त्रात जागा मिळाली. कोचीनचा डच गव्हर्नर हेन्ड्रिक फान ऱ्हीड याने मलबारच्या वनस्पतींचा ‘हॉर्टस मलाबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ तयार करवला. तो १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅममध्ये छापला गेला. इट्टी अच्युतन या मलयाळी वैद्याबरोबर रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे तीन कोकणी वैद्य या कामात होते. त्यांनी १६७५ साली दिलेले प्रमाणपत्र कोकणी भाषेत आणि नागरी लिपीत आहे. ते ज्या समाजातले होते, तो गोव्यातून कोचीनला जाऊन स्थायिक झालेला. या ग्रंथात शेराचे नाव ‘तिरुकळ्ळी’ असे नोंदले आहे. पुढे १७५३ मध्ये लिनिअसने शेराला शास्त्रीय नाव देताना हाच मलयाळी शब्द उचलला. आपल्या बांधावरचा शेर आजही जगभर याच नावाने ओळखला जातो.

लिनिअसने त्याच वर्षी, त्याच ग्रंथात ‘कॅक्टस’ या शब्दाचेही भवितव्य ठरवले. हा शब्द मूळ ग्रीक. अरिस्टॉटलचा शिष्य थिओफ्रास्टस याने सिसिली बेटावरच्या एका काटेरी भाजीसाठी तो वापरला होता. हल्लीच्या हातीचोकाची ती बहीण. तिचा आणि अमेरिकेतल्या या झाडांचा काही संबंध नाही. पण त्या झाडांच्या अंगावर काटे होते आणि ग्रीक शब्द रिकामा पडला होता, म्हणून लिनिअसने तो त्यांना देऊन टाकला. फड्या निवडुंगाचे शास्त्रीय नाव ओपन्शिया, तेही ग्रीसमधल्या ओपस गावाभोवती वाढणाऱ्या एका जुन्या वनस्पतीचे उसने नाव. फिलिप मिलर या इंग्रज माळ्याने १७५४ मध्ये ते पक्के केले. म्हणजे नव्या जगाच्या झाडाला जुन्या काटेरी झुडपाचे नाव देण्यात युरोपातले पंडित आणि दख्खनचे कुणबी यांनी एकच युक्ती केली. फरक पडला तो पुढे. ‘कॅक्टस’चा जुना अर्थ सिसिलीतच मागे राहिला आणि शब्द एका कुळापुरता बांधला गेला. ‘निवडुंग’ मात्र जुन्याला धरून राहिला, नव्यालाही सामावून घेत गेला आणि अखेर काट्यांच्या, गरदार अंगाच्या कोणत्याही झाडाचे नाव होऊन बसला.

हे दोन निवडुंग एकत्र उभे असल्याचे ठळक उदाहरण एका सरकारी कुंपणात सापडते. मिठावरचा कर चुकवून होणारी वाहतूक अडवायला इंग्रज सरकारने सिंधू नदीपासून महानदीपर्यंत जकातीची एक रेषा आखली होती. १८६९ च्या सुमारास ती साधारण २३०० मैल लांब होती आणि तिच्यावर सुमारे १२,००० माणसे पहाऱ्याला होती. खानदेशाच्या वेशीवरचे बऱ्हाणपूर याच रेषेवर येत असे. जिथे माती आणि पाणी साथ देई, तिथे जिवंत झाडांची दाट भिंत उभी केली होती. बाभूळ, बोर आणि करवंद यांच्या जोडीला तिच्यात थूहरही होता आणि नागफनीही. पुढे काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे ॲलन ह्यूम हे त्या काळी या खात्याचे आयुक्त होते आणि कुंपण वाढवण्यात त्यांनी जातीने लक्ष घातले होते. १८७९ मध्ये ही रेषा मोडीत निघाली. तिचा मागोवा घेणारे रॉय मॉक्सहॅम यांचे पुस्तक २००१ मध्ये आले, तोवर तिचा नाव घेण्याजोगा भाग फारसा उरला नव्हता.

फड्या निवडुंगाचा इतिहास मात्र कुंपणापाशी थांबत नाही. त्याच्या फडांवर मेक्सिकोत कोशिनील नावाचा बारीक किडा पोसत असत. मादी किडे वाळवून कुटले की अस्सल किरमिजी रंग मिळतो. हा रंग स्पेनची मक्तेदारी होता आणि त्याला सोन्यासारखा भाव येई. ईस्ट इंडिया कंपनीला तो हिंदुस्थानात पिकवायचा होता. मद्रासच्या डॉ. जेम्स अँडरसन यांना १७८६ मध्ये तिथल्या गवतावर एक लालसर किडा दिसला आणि कोशिनील सापडला असे त्यांना वाटले. तो किडा कामाचा निघाला नाही, पण त्यांचा ध्यास सुटला नाही. सैदापेटला त्यांनी निवडुंगाची बागच उभारली.

खरा नसला तरी त्या जातीतला किडा अखेर आला तो १७९५ मध्ये. कॅप्टन नीलसन याने ब्राझीलच्या रिओ दि जानेरोहून तो कलकत्त्याला आणला. हा रानटी कोशिनील होता, त्याचा रंग कसाला उतरेना. त्याने दुसरेच काम केले. उत्तर हिंदुस्थानात माजलेली फड्या निवडुंगाची एक जात त्याने खाऊन संपवली. १८३६ ते १८३८ च्या दरम्यान तो मुद्दाम दक्षिणेत सोडण्यात आला आणि तिथेही त्याने तीच जात साफ केली. पुढे तो श्रीलंकेत पोहोचला आणि शास्त्रज्ञांनी १८९६ मध्ये त्याला तिथलेच, म्हणजे सिलोनचे नाव दिले. निवडुंगाप्रमाणे त्याच्यावरच्या किड्याचेही नाव असे भलत्या देशाचे पडले. एका किड्याने उपद्रवी झाडाचा बंदोबस्त करण्याचे हे जगातल्या अगदी सुरुवातीच्या उदाहरणांपैकी एक मानले जाते.

हा किडा खाण्याच्या बाबतीत मात्र फार काटेकोर होता. फड्या निवडुंगाच्या इतर जातींना त्याने हात लावला नाही आणि दख्खनच्या माळावर नेमक्या त्याच जाती पसरल्या होत्या. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गावांच्या वेशीबाहेर, पडक्या तटांखाली आणि ओढ्यांच्या काठी फडांची रानेच्या राने माजली. एक फड तुटून पडला की तिथेच त्याला मुळे फुटायची. लाल बोंडे पाखरांनी खाल्ली की बी दूरवर जाई. त्या जाळ्यांत साप-विंचू राहत, चोर लपत आणि गावची घाणही तिथेच पडे. निवडुंग तोडून काढणे हे आरोग्य खात्याचे आणि नगरपालिकांचे एक कायमचे काम होऊन बसले होते.

हाच निवडुंग दुष्काळात कामाला येई. वैरण संपली की फड काठीला टोचून आरावर धरायचे, काटे जाळायचे आणि तुकडे करून गुरांपुढे टाकायचे. पोरे बोंडे तोडत, मातीत घोळून वरची बारीक कुसळे काढत आणि जिभा जांभळ्या करून घरी येत. भाजलेले बोंड डांग्या खोकल्यावर देण्याचा उपायही दख्खनमध्ये रुळला. थोराबद्दल यातले काहीही कोणी करू धजले नसते.

मग १९२६ साल उजाडले. उत्तर अमेरिकेतल्या कोशिनीलची दुसरी एक जात ऑस्ट्रेलियामार्गे श्रीलंकेत आणि तिथून भारतात आणण्यात आली. जुन्या किड्याने सोडून दिलेल्या जातींवर ही तुटून पडली. फडांवर कापसासारखे पांढरे पुंजके दिसू लागत, ते चिरडले की हात लाल होत आणि काही महिन्यांत जाळीच्या जाळी लोळण घेत. दक्षिण भारतातली निवडुंगाची राने काही वर्षांत ओसरली आणि किड्याची मजल सौराष्ट्रापर्यंत गेली. ऑस्ट्रेलियात याच झाडाने कोट्यवधी एकर जमीन व्यापली होती. तिथे अर्जेंटिनातल्या एका पतंगाच्या अळ्यांनी ते संपवले आणि कृतज्ञ शेतकऱ्यांनी १९३६ मध्ये त्या पतंगाच्या नावाने एक सभागृह बांधले. आपल्याकडे कोशिनीलच्या किड्याचे स्मारक नाही. थोर, तीनधारी आणि शेर यांना मात्र या सगळ्या उलथापालथीत काही झाले नाही, कारण किड्याच्या लेखी ते निवडुंग नव्हतेच. कंदीलपुष्पाच्या काही दुर्मीळ वेली आजही थोराच्या काटेरी आसऱ्याने वाढतात, कारण तिथे शेळीचे तोंड पोहोचत नाही.

विसाव्या शतकात शहरांत कुंड्या आल्या आणि शब्दाची ओढाताण पुन्हा सुरू झाली. रोपवाटिकेत गोल, केसाळ, रंगीत शेंड्यांच्या छोट्या झाडांना ‘कॅक्टस’ म्हणू लागले. ‘निवडुंग’ म्हटले की गावठी, माळावरचे झाड. त्याच रोपवाटिकेत मादागास्करहून आलेले, लाल फुलांचे, भरपूर काट्यांचे झुडूप सर्रास ‘कॅक्टस’ म्हणून विकले जाते. ते खरे तर थोराच्या नात्यातले आहे; पान खुडले की दूध येते. दुसरीकडे, पावसाळ्यातल्या एखाद्या रात्री गॅलरीत पांढरे, सुगंधी फूल उमलते, शेजाऱ्यांना बोलावणी जातात आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्राकडे फोटो पाठवले जातात. आपण त्याला ब्रह्मकमळ म्हणतो. खरे ब्रह्मकमळ हिमालयातले, उत्तराखंडाचे राज्यपुष्प. आपल्या गॅलरीतले ते मध्य अमेरिकेच्या जंगलातले अस्सल कॅक्टस. काटे नाहीत आणि फूल देखणे, म्हणून त्याला निवडुंग म्हणण्याचे कोणाच्याही मनात येत नाही. आपल्या भाषेत निवडुंग ठरतो तो काट्यावरून. कुळाशी त्याला देणेघेणे नाही, हे या दोन कुंड्या शेजारी ठेवल्या की कळते.

सांगली-सोलापूरकडच्या दुष्काळी तालुक्यांत आता सिमेंटच्या खांबांवर ड्रॅगन फ्रूट चढलेले दिसते. तेही कॅक्टसच, आणि काटेही आहेत. पण पैसे देणाऱ्या पिकाला शेतकरी निवडुंग म्हणत नाही. गुजरात सरकारने तर जानेवारी २०२१ मध्ये या फळाला ‘कमलम्’ असे नाव जाहीर केले. ‘निवडुंग’ या शब्दाला चिकटलेले ओसाडपण नव्या झाडांना नको असते.

हा सगळा प्रपंच नुसत्या शब्दांचा राहत नाही, कारण निवडुंग पुन्हा वैरणीच्या चर्चेत आला आहे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने अमेरिकेतून बिनकाट्याच्या फड्या निवडुंगाचे वाण आणून लावून पाहिले. पुण्यात वारज्याला मुख्यालय असलेली ‘बायफ’ ही संस्था कोरडवाहू भागात जनावरांच्या चाऱ्यासाठी त्याचा प्रसार करते. फडात पाणी भरपूर असते. त्याला पाणी थोडे लागते आणि जमीन हलकी चालते, त्यामुळे टंचाईच्या गावांना त्याचा आधार होऊ शकतो. अशा वेळी पत्रकात किंवा मोबाईलवरच्या संदेशात ‘गुरांना निवडुंग द्या’ एवढेच छापून चालणार नाही. ज्या गावात निवडुंग म्हणजे थोर किंवा तीनधारी, तिथे हे वाक्य जनावराच्या जिवावर बेतेल. चारशे वर्षांपूर्वी ज्या शेतकऱ्यांनी नव्या झाडाला जुने नाव दिले, त्यांनीच ‘फड्या’ हा शब्दही हाती दिला आहे. कृषी खात्याने, दूध संघांनी आणि वर्तमानपत्रांनी दर वेळी तो जोडावा. आणि शेतकऱ्याने फांदी कापल्यावर पांढरा चीक आला, तर ती गव्हाणीकडे नेऊ नये.